चंदेरी : नाव परिचयाचे, गाव अपरिचित

(उत्सवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाच्या कानाला ‘चंदेरी’ हा शब्द प्रथम रंगाचा वाटतो. सोन्याचे ते सोनेरी आणि चांदीचे ते चंदेरी, ही आपल्या भाषेची सरळ रीत. त्यामुळे घरात चंदेरी पातळ आले की काठातील रुपेरी जरीवरून त्याला हे नाव पडले असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः ते एका गावाचे नाव आहे. पैठणी पैठणची, महेश्वरी महेश्वरची, इरकल इलकलचे, तसे चंदेरी पातळ चंदेरी गावचे. परंतु पैठणला नाथांच्या दर्शनाला माणसे जातात, महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर जातात. चंदेरीला मुद्दाम वाट वाकडी करून जाणारा मराठी प्रवासी विरळाच. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नामुंजीच्या अहेरात ज्या गावाचे वस्त्र आले, ते गाव आहे तरी कोठे, हे त्या घरांतील पुष्कळांनी कधी विचारले नाही. आजच्या विवेचनाचा विषय ते गाव आहे.

चंदेरी आज मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात येते. २००३ साली हा जिल्हा झाला, त्यापूर्वी ते गुना जिल्ह्यात होते आणि संस्थानी काळात ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या मुलखात. गावाला आगगाडी नाही. झाशी-बीना मार्गावरील ललितपूर हे सोयीचे स्थानक. तेथून चंदेरी सुमारे ३७ किलोमीटर. ललितपूर उत्तर प्रदेशात आणि चंदेरी मध्य प्रदेशात. वाटेत वेत्रवती म्हणजे बेतवा नदी आडवी येते आणि तीच दोन राज्यांची सीमा. या नदीवर राजघाट येथे दोन्ही राज्यांनी मिळून धरण बांधले आहे. त्याच्या जलाशयाला राणी लक्ष्मीबाई सागर असे नाव आहे, हे ऐकून मराठी प्रवाशाला बरे वाटल्याशिवाय राहत नाही. पाऊसकाळ संपता संपता हा जलाशय क्षितिजापर्यंत भरलेला दिसतो. तो मागे पडला की विंध्याच्या टेकड्या दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. मग अशा एका टेकडीवर लांबच लांब तटबंदी दिसते आणि तिच्या पायथ्याशी दगडी घरांची वस्ती. हीच चंदेरी.

गाव मोठे नाही. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती ३३ हजारांच्या आसपास होती. मात्र एवढ्याशा गावाच्या आत आणि भोवती जितके दरवाजे, मशिदी, मकबरे, देवळे, बावड्या आणि तलाव विखुरलेले आहेत, तितके पाहता हे पूर्वी लहान गाव नसावे, हे कोणाच्याही ध्यानात येते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथून गेला. त्याने चंदेरीला मोठे शहर म्हटले आहे आणि तेथील बाजारांची थोरवी नोंदवली आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त चंदेरीचा हिशेब दिला आहे तो असा : दगडी घरे १४ हजार, बाजार ३८४, धर्मशाळा म्हणजे सराया ३६०, आणि मशिदी १२ हजार. यातील शेवटचा आकडा कोणत्याही चौकस माणसाला पटणारा नाही. घरे चौदा हजार आणि मशिदी बारा हजार हे गणित जुळत नाही. लेखनिकाच्या हातून काही अधिक-उणे झाले असेल. परंतु बाजार आणि सराया यांच्या आकड्यांतून जे सूचित होते ते खोटे नव्हे. ज्या गावी उतरण्याच्या जागा शेकड्यांनी मोजल्या जातात, ते गाव वाटेवरचे असते. माळवा आणि बुंदेलखंड यांच्या सीमेवरचे हे ठिकाण. उत्तरेकडून ग्वाल्हेर-आग्र्याच्या बाजूने दक्षिणेत उतरणारा आणि माळव्यातून गुजरातच्या बंदरांकडे वळणारा व्यापार या टेकड्यांच्या खिंडींतून जात असे. तांड्यांना खिंड हवी, खिंडीला पहारा हवा आणि माणसाजनावरांना पाणी हवे. चंदेरीत ही तिन्ही एकत्र होती.

पाण्याची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण चंदेरीच्या जन्माची दंतकथाच मुळी पाण्याची आहे. जुने गाव, ज्याला बूढी चंदेरी म्हणतात, ते येथून काही कोस दूर नदीकाठी होते. तेथे जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आजही आहेत. तेथील प्रतिहार राजा कीर्तिपाल याला त्वचेचा दुर्धर रोग जडला होता. शिकारीत तहानेने व्याकूळ होऊन तो या टेकड्यांमधील एका झऱ्यापाशी आला, त्याने पाणी प्याले, अंगाला लावले आणि त्याची व्याधी नाहीशी झाली. मग त्याने राजधानीच इकडे हलवली. हा झरा म्हणजे आजचे परमेश्वर ताल, आणि त्या राजाच्या नावाने किल्ला कीर्तिदुर्ग. परमेश्वर ताल गावाच्या कडेला आहे; काठावर लक्ष्मणाचे मंदिर आणि बुंदेल्यांच्या छत्र्या आहेत. सायंकाळी टेकडीची सावली पाण्यावर उतरते, तेव्हा या दंतकथेवर विश्वास ठेवावा असे वाटते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता नदीकाठ सोडून लोक टेकडीच्या आश्रयाला आले, ते बहुधा संरक्षणासाठी. पण नदी सोडली की पाणी साठवावे लागते, आणि चंदेरीच्या पुढच्या प्रत्येक सत्ताधीशाने ते साठवले.

येथील बावड्यांची संख्या लोक बाराशे सांगतात. तेवढ्या कोणी मोजल्या असतील असे वाटत नाही. परंतु आज दिसतात त्याच थोड्या नाहीत. त्यांतील बत्तीसी बावडी अवश्य पाहावी. माळव्याचा सुलतान गियास शाह याच्या कारकीर्दीत, १४८५ साली, ती बांधली गेली. चार मजले खोल, चौकोनी, आणि पाण्यापर्यंत उतरणारे बत्तीस घाट, म्हणून बत्तीसी. वर उभे राहिल्यास उन्हाचा चटका लागतो. दोन मजले उतरताच हवा बदलते. तांड्याचा बैल, सरायीचा भटियारा, मशिदीचा नमाजी, घरची पाणी भरणारी बाई, सर्वांना पुरेल असा हा विचार होता. राजवाडे कोणीही बांधतो. बांधून झाल्यावर त्यात राहतो एकच कुटुंब. बावडीचे तसे नाही. तेव्हा चंदेरीत जाऊन केवळ महाल पाहून परतणाऱ्यांनी अर्धी चंदेरी पाहिली असे म्हणावे लागते.

बाबराने या गावाबद्दल जे लिहून ठेवले आहे, त्यातही पाणी ठळकपणे येते. खानव्याला राणा सांगाचा पराभव केल्यावर १५२८ च्या जानेवारीत तो चंदेरीवर चालून आला. येथे राणा सांगाच्या वतीने मेदिनीराय होता. बाबराच्या आत्मवृत्तात चंदेरीच्या भोवतालच्या वाहत्या पाण्याचे, किल्ल्यात खडक खोदून केलेल्या टाक्याचे आणि किल्ल्यासमोरच्या मोठ्या तलावांचे वर्णन आहे. गावातील सर्व घरे, थोरांची तशी सामान्यांचीही, दगडाची आहेत आणि छपरावर कौलांऐवजी दगडी चिपा घातल्या आहेत, हेही त्याने टिपले आहे. ही चिपांची घरे जुन्या गल्ल्यांत अजूनही दिसतात. बाबराने मेदिनीरायाला चंदेरीच्या बदल्यात शमसाबाद देऊ केले. ते त्याने नाकारले. पुढे जो हल्ला झाला, त्याचा भर किल्ल्याच्या कोणत्या भागावर होता? पाणी आणण्यासाठी टेकडीच्या उतारावर दुहेरी भिंत घालून जी वाट खाली नेली होती, त्या भागावर. तहान भागवण्याची वाट तीच शत्रूची वाट झाली. २९ जानेवारी १५२८ रोजी किल्ला पडला. आतील राजपूत लढून मेले आणि स्त्रियांनी जौहर केला. किल्ल्यावर जौहराचे स्मारक आहे. त्याच्या जवळच संगीतातील बैजू बावरा याची समाधी म्हणून एक जागा दाखवतात. ती मान्य करावी की न करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. गाणारी मंडळी मात्र तेथे नमस्कार करूनच उतरतात.

किल्ला पायथ्यापासून सुमारे सत्तर मीटर उंच आहे. चढ फारसा अवघड नाही. ज्येष्ठांनी सकाळी लवकर निघावे. वरून गाव, त्याच्या पलीकडे तलाव, त्यांच्या पलीकडे पुन्हा टेकड्या, असे सर्व एकाच दृष्टिक्षेपात येते.

टेकडीच्या कुशीत जागेश्वरी देवीचे स्थान आहे. तिची कथा आपल्या देवस्थानांच्या कथांशी फार जवळची आहे. देवीने राजा कीर्तिपालाला स्वप्नात सांगितले की येथे मंदिर बांध आणि अमुक दिवस दार बंद ठेव. मी प्रकट होईन. राजाला धीर धरवला नाही. मुदतीपूर्वीच त्याने दार उघडले. तोवर देवीचे मस्तकच वर आले होते, तेवढेच राहिले आणि त्याचीच पूजा होते. नवरात्रात तेथे मोठी गर्दी लोटते. गोव्याच्या किंवा घाटावरच्या कोणाही भाविकाने ही कथा ऐकली तर आपल्या गावची अशीच एखादी कथा त्याला आठवेल. जैन बांधवांसाठी तर चंदेरी हे तीर्थच आहे. जवळच्या खंदारगिरीला डोंगराच्या कड्यातच आदिनाथांची पंचेचाळीस फूट उंचीची मूर्ती कोरलेली आहे, आणि गावातील चौबीसी मंदिरात चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती ज्याच्या त्याच्या वर्णाच्या दगडात घडवलेल्या आहेत.

इमारतींपैकी दोन-तीनच येथे सांगावयाच्या. बादल महाल दरवाजा हा गावाची खूण म्हणून चित्रांत सर्वत्र दिसतो. दोन निमुळते बुरूज, मध्ये एकावर एक दोन कमानी, आणि आत महाल नाही; दरवाजाच काय तो उरला आहे. गावापासून चार किलोमीटरवर कोशक महाल आहे. माळव्याच्या महमूद खिलजीने १४४५ साली जौनपूरवरील विजयाच्या आनंदात तो सात मजल्यांचा करण्याचे योजले होते, असे सांगतात. तीन मजले पुरे आणि चौथ्याचा काही भाग, एवढाच आज उभा आहे. फुलीच्या आकाराच्या दोन वाटांनी इमारतीचे चार सारखे भाग पाडलेले आहेत. आत उभे राहिले की चारी दिशांना कमानींमागून कमानी दिसतात. अलंकार जवळजवळ नाही, तरी पाहणारा पटकन बाहेर पडत नाही.

तिसरे स्थळ कटी घाटी. गावाच्या दक्षिणेस डोंगराची भिंतच आडवी होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चंदेरीचा सुभेदार शेरखान याचा पुत्र जिमनखान याने ती सत्तर-ऐंशी फूट उंचीपर्यंत तोडून मधून रस्ता काढला, आणि तोडता तोडता खडकातच कमानीचा दरवाजा राखला. लोककथा अशी की, सुलतानाच्या स्वागतासाठी हे काम एका रात्रीत पुरे करण्याची अट एका पाथरवटाला घातली होती. त्याने ते केले. पण दरवाजाला फळ्या बसवण्याची सोय ठेवली नाही, या कारणाने त्याची मजुरी नाकारण्यात आली, आणि त्याने तेथूनच उडी घेतली. इतिहासाला एका रात्रीची गोष्ट मान्य होणे शक्य नाही. मजुरी नाकारली गेल्याची गोष्ट मात्र कोणालाही खरी वाटते. चंदेरीच्या कारागिराची कथा पुढे सांगावयाची आहे. तिची सुरुवात या पाथरवटापासून करण्यास हरकत नाही.

राजकीय इतिहासाचा उरलेला भाग थोडक्यात असा. सतराव्या शतकाच्या आरंभापासून येथे ओरछ्याच्या घराण्यातील बुंदेले राज्य करीत होते. १८११ साली दौलतराव शिंदे यांचा सेनानी जाँ बाप्टिस्ट फिलोज याने ते घेतले आणि चंदेरी ग्वाल्हेरकडे आली. १८४४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. १८५७ च्या उठावात बुंदेल्यांनी पुन्हा ताबा घेतला. मार्च १८५८ मध्ये झाशीकडे निघालेल्या इंग्रज फौजेने ती तोफा लावून जिंकली. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ती पुन्हा शिंद्यांकडे आली. एवढ्या उलथापालथीत बाजार कोठे टिकणार? उरलासुरला प्राण आगगाडीने काढून घेतला. १८८९ च्या सुमारास झाशी-बीना लोहमार्ग ललितपूरवरून गेला. ज्या मालाला पूर्वी चंदेरीची खिंड चुकवता येत नव्हती, तो आता चंदेरीचे नावही न घेता जाऊ लागला. मांडू काय, आपले गोवापुरी काय, वाट बदलली की अशी नगरे ओसाड पडतात. चंदेरीही तशी पडावयाची. पण ती पडली नाही, याचे कारण माग.

चंदेरीचे जुने वस्त्र संपूर्ण सुती असे. हातांनी कातलेले अतिशय बारीक सूत, त्याला कोलीकांदा म्हणजे रानकांद्याची खळ, आणि जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. खड्डामागाचा हेतू केवळ पाय सोडून बसण्याचा नाही. बारीक सूत कोरड्या हवेत तुटते आणि जमिनीलगतच्या ओलाव्यात ते मऊ राहते. या सुताची पागोटी, शेले आणि लुगडी दरबारांतून मानाची समजली जात. काठाचा रंग अंगाच्या रंगात मिसळू नये म्हणून काही प्रकारांत तीन धोटे चालवावे लागत आणि एका मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसत. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे गिरणीचे सूत आले. ते स्वस्त आणि एकसारखे होते. हातकताईचा धंदा त्याने बुडवला, विणाई मात्र बुडाली नाही. १९१० साली शिंदे सरकारने चंदेरीत विणकामाचे शिक्षण देणारी संस्था काढली. संस्थानिकांच्या खर्चाविषयी एरवी पुष्कळ टीका करता येईल, या खर्चाविषयी करता येणार नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील राजघराणी गिऱ्हाईक होती, आणि राजवाड्यात जे नेसले जाई ते सरदार, मानकरी, कारकून यांच्या घरांतही ऐपतीप्रमाणे नेसले जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या ताण्यासाठी सुताऐवजी रेशीम आले. हे रेशीम डिंक न काढता, कच्चेच वापरतात. त्यामुळे वस्त्राला पारदर्शकपणा आणि किंचित ताठरपणा येतो. आज ज्याला सर्व जण चंदेरी म्हणून ओळखतात ते हे रेशमी ताण्याचे आणि सुती बाण्याचे वस्त्र. जाणकारांपैकी काहींना हा बदल रुचला नाही. जुन्या सुती मलमलीचा मऊपणा त्यात नाही आणि घडीवर ते लवकर विरते, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. परंतु या बदलानेच वस्त्र बाजारात राहिले, हेही तितकेच खरे.

गावात आज काही हजार माग आहेत. विणकरांत अन्सारी मुसलमान घराणी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या जोडीने हिंदू विणकर घराणीही. गल्लीतून जाताना उघड्या दारातून मागाचा ठोका ऐकू येतो. परक्या माणसाने दारात थांबून विचारले तर बहुधा आत बोलावतात. घरातील पहिली खोली मागाचीच असते. बाकीचा संसार मागे. नवरा-बायको दोघेही मागावर बसतात. सूत रंगवणारे निराळे, ताणा करणारे निराळे. ताणा संपला की नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्याच्या एकेका टोकाला बोटांनी पीळ देऊन जोडतात. अशी हजारो टोके असतात. बुट्टी विणताना प्रत्येक बुट्टीसाठी जरीची स्वतंत्र लहान तिल्ली लागते. एका ओळीत जितक्या बुट्ट्या तितक्या तिल्ल्या, आणि दर धोट्याला त्या सर्व बोटांनी फिरवावयाच्या. साधे पातळ चार-सहा दिवसांत उतरते. भरगच्च बुट्टीचे उतरण्यास महिने लागतात.

येथे प्रवाशाने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बहुतेक विणकराचे सूत त्याचे स्वतःचे नसते. सूत, रेशीम आणि जर व्यापारी देतो, नमुना तोच सांगतो, आणि विणकराला मिळते ती नगावर ठरलेली मजुरी. रेशमाचा भाव वाढला तर व्यापारी किंमत वाढवतो. मजुरी त्या मानाने वाढतेच असे नाही. मंदी आली की नवा ताणा मिळत नाही आणि माग उभाच राहतो. व्यापाऱ्याला केवळ दोष देऊन भागणार नाही. मोठ्या शहराच्या दुकानापर्यंत माल पोहोचवणे, उधारी सोसणे, न खपलेला माल सांभाळणे हे विणकराच्या आवाक्यातले नसते. अलीकडे स्त्रियांचे बचतगट आणि विणकरांच्या स्वतःच्या संस्था थेट विक्री करू लागल्या आहेत. काही घरांची स्थिती त्यामुळे सुधारली आहे, सर्वांची नाही. अनेक तरुण मागावर बसण्यापेक्षा शहरातील नोकरी पसंत करतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार ज्याने कधी मजुरीवर महिना काढला नाही त्याला नाही.

दुसरे संकट यंत्रमागाचे. २००५ साली चंदेरीच्या वस्त्राला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. कायद्याने हे नाव केवळ तेथील मालाला लावता येते. तरीही ‘चंदेरी’ म्हणून दुकानांतून जे विकले जाते त्यात नकली माल पुष्कळ असतो, आणि तो घेणाऱ्यांत आपल्याकडची मंडळी काही कमी नाहीत. ज्या घरात आजीने खरे चंदेरी नेसले, त्याच घरात नात नायलॉनमिश्रित कापड चंदेरी म्हणून कौतुकाने नेसते, हे दृश्य आता नवीन नाही. ओळखण्याची साधी रीत आहे. पातळ उलटे करून बुट्टीची मागची बाजू पाहावी. यंत्रावर जरीचा धागा एका बुट्टीतून दुसरीपर्यंत लांब जातो आणि मागाहून तो कापतात. त्यामुळे कापलेली टोके बुट्टीभोवती दिसतात. हातमागावर धागा त्या बुट्टीतच वळतो. मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ असते. सर्व बुट्ट्या तंतोतंत सारख्या दिसल्या तर शंका घ्यावी. माणसाचा हात एवढा एकसारखा चालत नाही. आणि किंमत फारच कमी सांगितली तर ती कमी का, हे दुकानदाराला विचारावे. कोणाला तरी त्यात मजुरी मिळालेली नसते.

हे सर्व पाहावयाचे तर घाईने भागत नाही. सकाळी येऊन संध्याकाळी ललितपूरची गाडी पकडणाऱ्यांना दरवाजे दिसतात, माग दिसत नाहीत. दोन रात्री राहावे. पहिल्या दिवशी सकाळी किल्ला आणि जागेश्वरी, दुपारी वस्तुसंग्रहालय, उतरत्या उन्हात परमेश्वर ताल. दुसऱ्या दिवशी कोशक महाल, बत्तीसी बावडी आणि कटी घाटी करून उरलेला वेळ गल्ल्यांसाठी ठेवावा. जवळच्या प्राणपूर या विणकरांच्या गावात पाहुण्यांना माग दाखवण्याची व्यवस्था झाली आहे. तेथेही जाता येईल. २०१८ च्या एका गाजलेल्या हिंदी भयपटाचे चित्रण चंदेरीत झाले. तेव्हापासून तरुण मंडळी त्या जागा शोधत येतात. येवोत, त्या निमित्ताने का होईना, येतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. पावसानंतर लगेच गेल्यास तलाव भरलेले असतात. उन्हाळ्यात दगड तापतात आणि दुपारी बाहेर पडवत नाही.

खरेदी शेवटच्या दिवसावर टाकू नये, असे तेथील जाणते लोक सांगतात, आणि ते योग्य आहे. पहिल्या दिवशी एखाद्या घरात माग पाहावा, कोणते पातळ किती दिवसांत उतरते ते विचारावे, त्यासाठी मजुरी किती मिळते तेही अवघडून न राहता विचारावे. विणकर ते सांगतात. मग दुकानात किंवा संस्थेत जाऊन किंमत ऐकावी. घासाघीस करावयाची तर ती या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत करावी. ज्यांना नऊवारी हवे आहे, त्यांनी ते आधी सांगून विणवून घ्यावे लागते. दुकानांतून मांडलेली बहुतेक पातळे साडेपाच-सहा वारी असतात. रंग, काठ आणि बुट्टी ठरवून आगाऊ रक्कम दिली की पुढचा ताणा त्या पातळासाठी चढवतात. तो चढण्यास आणि वस्त्र उतरून हाती येण्यास काही आठवडे लागतात, तेव्हा घरच्या मंगलकार्याची तिथी ठरताच पत्र किंवा फोन करावा.